गेरूच्या दोन रेघा

मागच्या वर्षी आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकात मी एक गमतीची गोष्ट लिहिली होती. संस्थानच्या साजखान्यात, म्हणजे वाद्यांच्या कारखान्यात, बशीरचाचा नावाचे पॉलिशवाले होते. त्यांनी पावसाळ्यात पॉलिश वाळावं म्हणून नव्या गिटारीजवळ शेगडी पेटवून ठेवली, आणि पुढे एका सरकारी साहेबांच्या दिवाणखान्यात, सगळ्यांच्या हातात चहा असताना, ती गिटार तडकली, अशी ती गोष्ट. बऱ्याच जणांना आवडली. एकदोघांनी रस्त्यात थांबवून "काका, फार हसलो" असं सांगितलं. लग्नाच्या पंगतीत, सत्यनारायणाला, मित्रांच्या बैठकीत ही गोष्ट मी आयुष्यभर सांगत आलो आहे. साहेबांच्या बशीत चहा कसा सांडला तिथपर्यंत मला ती पाठ आहे.

ती गोष्ट खोटी आहे. शेगडी खरी, तडा खरा, सांडलेला चहाही खरा. कारण तेवढं खोटं. तडा माझ्यामुळे गेला.

यंदाच्या अंकात मला तितकीच जागा द्या, असं संपादकांना सांगितलं. ते म्हणाले, "जाधवकाका, साठ वर्षं होत आली. आता कोण विचारतंय?" ज्यांनी विचारलं त्यांच्याबद्दल पुढे येईलच. आधी मला लाकडाबद्दल थोडं सांगू द्या, नाहीतर माझी लबाडी तुम्हाला नीट कळणार नाही.

लोकांना वाटतं, वाद्य फुटतं ते पडल्यामुळे. माझ्याकडे आलेली बहुतेक फुटकी वाद्यं कुठेही पडलेली नव्हती. ती घरात, गवसणीत, कोपऱ्यात उभी राहून फाटली होती. झाड कापून फळी झाली तरी लाकूड पाणी पिणं आणि सोडणं थांबवत नाही. पावसाळ्यात ते फुगतं, उन्हाळ्यात आखडतं. तेही लांबीत नाही, रुंदीत. आमच्या ग्वाल्हेरीत श्रावणात मिठाला पाणी सुटतं आणि जेठात ओठ फाटतात. अशा गावात पातळ लाकडाला आपण घट्ट धरून ठेवलं, तर आखडताना त्याला जागा मिळत नाही. मग ते शिरेच्या कडेनं उलतं. तडा म्हणजे एवढंच. त्यात जादू नाही, दैव नाही. कोणीतरी लाकडाला घाई केलेली असते.

गिऱ्हाइकांना हे पटत नाही. पाटणकर बाजारात एक वकीलसाहेब होते. भर मे महिन्यात त्यांनी सतार कूलरसमोर उभी केली. "जाधवसाहब, गर्मी तो उसको भी लगती है." कूलर बंद झाला, बाहेरची गरम लू आत शिरली, तबली, म्हणजे सतारीच्या तोंडावरची फळी, उभी फाटली. मग वकीलसाहेबांनी नळाच्या जोडाला लावतात ती लांबी तड्यात भरली आणि वरून बुटाचं पॉलिश फासलं. मी सतार उजेडात धरली आणि म्हणालो, "वकीलसाहेब, मुद्देमालाशी छेडछाड केलीत." ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसलो. एक निवृत्त सुभेदार होते, ते आपल्या गुडघ्यांना चोळायचं सरसोंचं तेल दिलरुब्यालाही चोळायचे. तेल प्यालेल्या लाकडावर पॉलिश धरत नाही, पावसात चिखल सरकावा तसं ते सरकतं. त्यांना म्हटलं, "सुभेदारसाहेब, गुडघे बरे आहेत?" "गुडघे फर्स्ट क्लास." "मग तेल तिथेच ठेवा."

असे किस्से माझ्याकडे पोतंभर आहेत, आणि मी ते सांगत बसलो की ओळखावं, काहीतरी टाळतोय. वरचा परिच्छेद मी तीनदा खोडला होता. राहू दे.

साजखाना किला गेटजवळ होता. दरबारातले तंबोरे, सतारी, सारंग्या, बँडच्या ढोलांच्या चौकटी, सगळं तिथे दुरुस्तीला यायचं. दरोगा होते अण्णासाहेब. त्यांचे पूर्वज दक्षिणेतून शिंद्यांबरोबर कारकुनीला आलेले, माझे तलवार घेऊन. माझे वडील संस्थानच्या घोडदळात होते. मला घोड्याची भीती वाटायची म्हणून अण्णासाहेबांनी मला साजखान्यात घेतलं. मी वाद्यं बांधायचो आणि बशीरचाचा त्यांना पॉलिश करायचे. चाचा तेव्हा पन्नाशीचे असतील, पण दाढी पार पांढरी. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाच्या पुरचुंडीनं, एकाच दिशेनं, पापणीवरून हात फिरवावा तसे ते हात फिरवायचे. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी कधीतरी दारात सापडून वाकडी झाली होती. ती लक्षात ठेवा.

साजखान्याचा एक रिवाज होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, अण्णासाहेब करवती, रंधे, कानशी मांडून त्यांची पूजा करायचे. पूजा झाली की चाचा गेरूची वाटी घेऊन कोठारात जायचे आणि रचून ठेवलेल्या प्रत्येक फळीच्या टोकावर वाकड्या करंगळीनं एक रेघ ओढायचे. एक रेघ म्हणजे एक पावसाळा पाहिलेलं लाकूड. तीन रेघा झाल्याशिवाय फळीला करवत लावायची नाही. हे काम चाचांच्या वडिलांपासून त्यांच्याच घराकडे होतं. मुसलमानानं खंडेनवमीला रेघ का ओढायची, असं कोणी कधी विचारलं नाही. रेघ ओढणारा माणूस खरा पाहिजे, एवढीच अट होती.

त्यातही आणखी एक गंमत. फळी कापली की रेघांचं टोक फेकून द्यायचं नाही. अंगठ्याएवढा तुकडा काढून तो वाद्याच्या पोटात आतून चिकटवायचा. त्याला आम्ही दाखला म्हणायचो. पन्नास वर्षांनी कोणी ते वाद्य दुरुस्तीला उघडलं, तर त्याला कळावं, लाकूड पक्कं होतं की नव्हतं. बाहेरच्या माणसाला तो कधी दिसायचा नाही. दाखला एका कारागिरानं दुसऱ्या कारागिरासाठी ठेवलेला असायचा.

मग संस्थान विलीन झालं आणि मध्यभारत नावाचं नवं राज्य आलं. हिवाळ्यात कचेऱ्या ग्वाल्हेरीत, उन्हाळ्यात इंदूरला. फायलींची गाठोडी वर्षातून दोनदा आगगाडीत चढायची. घोडदळ मोडलं. वडील एक दिवस खोगीर खांद्यावर टाकून घरी आले, ते कोपऱ्यात ठेवलं आणि त्याच्याकडे पाठ करून बसले. त्यानंतर घरात मिळवता मी एकटा. सुमनशी लग्न होऊन वर्ष झालं होतं.

साजखान्याची छाननी करायला एक इंदूरचे साहेब आले. वाईट माणूस नव्हता. दोन खोल्या तंबोऱ्यांनी भरलेल्या पाहून म्हणाले, "अण्णासाहेब, दरबार गेले. हे आता कोणासाठी?" अण्णासाहेबांनी एका तंबोऱ्यावरची धूळ पुसली. साहेब म्हणाले, "शाळा निघणार आहेत, संगीताचे वर्ग निघणार आहेत. नव्या काळाचं काही करता येतं का तुमच्या माणसांना? माझी मुलगी गिटार वाजवते, मांडीवर आडवी ठेवून. तशी एक बनवून दाखवा. चांगली झाली तर दोन जागा नव्या राज्याच्या सेवेत कायम करू. एक सुताराची, एक पॉलिशची." मुलीची विलायती गिटार त्यांनी आठ दिवस पाहायला दिली. मुदत कार्तिकापर्यंत होती, आणि तेव्हा आषाढ लागला होता.

गिटारीचं तोंड दोन पातळ फळ्यांचं असतं. एकच फळी चिरून पुस्तकासारखी उघडायची आणि मध्ये जोडायची, म्हणजे दोन्हीकडे शिरा सारख्या येतात. कोठारातल्या तीन रेघांच्या सगळ्या फळ्या मी उलटसुलट केल्या. कोणाला गाठ, कोणाची शीर वाकडी, कोणाची रुंदी कमी. आणि भिंतीशी एक देवदाराची फळी होती. शिरा अशा सरळ, जणू कंगव्यानं ओढलेल्या. मी तिच्यावर टिचकी मारली आणि ती घंटेसारखी बोलली. तिच्या टोकावर एकच रेघ होती.

दोन दिवस मी त्या फळीभोवती फिरलो. अण्णासाहेबांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, साहेबांकडून मुदत वाढवून घेऊ. पण साहेब इंदूरला गेले होते आणि बातम्या रोज बदलत होत्या. आज दोन जागा, उद्या कदाचित एकही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी चाचा नमाजाला गेले असताना मी गेरू कालवला, करंगळी वाकवली आणि त्या फळीवर दोन रेघा ओढल्या. चाचांची रेघ वर बारीक आणि खाली जाड यायची, थोडी डावीकडे झुकलेली. तीही नक्कल मी केली. चांगली केली. अशा हाताचा मला तेव्हा अभिमान वाटला, हेही लिहून ठेवतो.

पुढची चूक आम्हा सतार-तंबोरेवाल्यांची होती. आमची तबली जाड असते आणि तिच्या पोटात आडवं काही नसतं. ती आपल्या जागी श्वास घेते. गिटारीच्या पातळ तोंडाला मात्र खालून आडव्या पट्ट्या लावाव्या लागतात, नाहीतर तारांच्या ताणानं ते बसतं. त्या पट्ट्या कोरड्या हवेत लावायच्या असतात हे मला ठाऊक नव्हतं. मी त्या श्रावणात, भिंतींना ओल आलेली असताना, गरम सरसानं पक्क्या चिकटवल्या. कच्चं लाकूड, फुगलेलं, आणि त्याला मी आडवं बांधून टाकलं. तीन पावसाळ्यांच्या फळीनं हे कदाचित सोसलं असतं. तिनं सोसलं नाही.

गिटार चाचांच्या हाती गेली. पहिला हात दिला, दुसरा दिला, आणि दुसऱ्या दिवशी पॉलिशवर पांढरी साय धरली. पावसात असं होतं. पण त्या आठवड्यात उघडीप होती. चाचांनी गिटार खिडकीशी नेली, नाकाला लावली, हुंगली.

"गोविंद, ये लकडी पानी पी के बैठी है."

"हवा ओली आहे, चाचा."

"हवा तो मेरी दाढी बता देती है. हवा सूखी है." ते माझ्याकडे बघत राहिले. मी रंध्याची धार बघत राहिलो.

त्या दिवशी त्यांनी शेगडी मागवली. त्यांचं घर साजखान्याच्या मागच्याच गल्लीत होतं. त्यांच्या मुलीनं, जुबैदानं, निखारे भरून पाठवले. चाचांनी वरचे निखारे काढून टाकले, शेगडी गिटारीपासून तीन हात लांब ठेवली आणि हवा आणखी कोरडी केली. साय गेली. पॉलिश असं आलं की त्यात खिडकीचे गज मोजता यावेत. शेवटच्या दिवशी मी पाहिलं, तर चाचांचा हात कोपरापर्यंत गिटारीच्या गोल भोकातून आत गेलेला.

"आत काय करताय, चाचा?"

"सफाई," ते म्हणाले.

दसरा झाला, हवा फिरली, पहाटे ओठ ओढल्यासारखे होऊ लागले. कार्तिकात साहेब कचेरीबरोबर ग्वाल्हेरीला आले आणि त्यांच्या बंगल्यावर आम्ही तिघं गिटार घेऊन गेलो. मुलीनं ती मांडीवर घेतली, पाचदहा मिनिटं वाजवली, "डॅडी, बहोत मीठी है" म्हणाली. चहा आला. साहेब म्हणाले, "अण्णासाहेब, तुमची माणसं जिंकली." आणि तेवढ्यात आवाज झाला. बंदुकीचा घोडा पडावा तसा, कोरडा. साहेबांचा कप हलला. गिटारीच्या तोंडावर, भोकापासून खालपर्यंत, एक काळी रेघ उघडली होती.

इथपर्यंत मागच्या वर्षीच्या गोष्टीत आणि या गोष्टीत फरक नाही. फरक यापुढे आहे.

साहेब रागावले नाहीत. ते फक्त म्हणाले, "हे कशामुळे? चूक सुताराची की पॉलिशवाल्याची, एवढं मला लिहावं लागेल. ज्याची चूक नसेल त्याची जागा मी देईन."

अण्णासाहेब माझ्याकडे वळले. "गोविंदराव, लाकूड तीन पावसाळ्यांचं होतं ना?"

मी म्हणालो, "दाखला आत आहे, अण्णासाहेब. तीन रेघा आहेत."

"मग?"

"चाचांनी शेगडी पेटवली होती."

दोन्ही वाक्यं शब्दशः खरी होती. कोर्टात शपथेवर म्हणता आली असती. त्यांच्यात खोटं शोधायचं तर गिटार फोडावी लागली असती.

साहेबांनी चाचांना विचारलं, "जलाई थी?"

चाचा माझ्याकडे पाहत होते. रागानं नाही. हिशेब जुळतो का बघावं, तसं. मग म्हणाले, "जी हुजूर. जलाई थी."

बंगल्याच्या पायऱ्या उतरताना अण्णासाहेब पुढे होते. चाचा माझ्या शेजारी आले आणि हळूच विचारलं, "सुमनबेटी को कौन सा लगा?"

"सातवा महिना," मी म्हणालो.

"अच्छा. घी खिलाओ."

मी कायम झालो. चाचांच्या कागदावर शेरा पडला, निष्काळजीपणामुळे नमुना खराब केला. त्यांची आधीची नोकरी त्या एका ओळीत बुडाली. ते पडाव मोहल्ल्यात गेले आणि स्टेशनाजवळच्या हॉटेलांच्या खाटांना, आरशांच्या चौकटींना पॉलिश करू लागले. मी स्टेशनावर जाताना लांबचा रस्ता धरायचो. तरी एकदा गाठ पडलीच. ते फुटपाथवर एका मेजाला हात देत बसले होते. वर न बघता म्हणाले, "आओ गोविंद. आजकल लकडी को कितनी बरसातें दिखाते हो?"

"तीन, चाचा."

"शाबाश," ते म्हणाले आणि पुरचुंडी पुन्हा स्पिरिटमध्ये बुडवली. ती आमची शेवटची भेट.

काही वर्षांनी राज्यांची पुन्हा मांडणी झाली. मध्यभारत गेलं, मध्यप्रदेश आलं, राजधानी भोपाळला गेली. कचेऱ्यांचे ट्रक एकामागून एक निघाले. साजखाना कोणालाच नको होता. मला शिक्षण खात्याच्या भांडारात टाकलं आणि वाद्यांचं काम मी घरी करू लागलो. साजखाना रिकामा करताना अण्णासाहेबांनी ती फुटकी गिटार माझ्या हातात दिली. "तुमची आहे, घेऊन जा." त्यांना काही कळलं होतं का, मला आजही ठरवता येत नाही.

तडा मी घरी दुरुस्त केला. भोकातून हात घालून, आत न बघता, नुसत्या बोटांनी चाचपून लाकडाच्या बारीक चकत्या चिकटवल्या. हे काम अवघड असतं. लोकांना मी ते फुशारकीनं सांगायचो, डोळे मिटून तडा भरला म्हणून. खरं म्हणजे आत आरसा घालायची मला हिंमत नव्हती. आत दाखला होता. तरी चाचपताना बोट त्याच्यावर गेलंच. त्याच्यावर काहीतरी गुळगुळीत होतं, आणि त्या गुळगुळीतावर दोन ओरखडे. मी मनाशी म्हटलं, पटाशी लागली असेल. गिटार कापडात गुंडाळून कपाटावर ठेवली, आणि पुढच्या लग्नाच्या पंगतीत शेगडीची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. ती मी का सांगू लागलो हे मला कोणी विचारू नये. पुन्हा पुन्हा सांगितली की ती खरी वाटायची, एवढं कळतं.

यंदा होळीनंतर दुपारी एक बाई घरी आल्या. चाळीसपंचेचाळिशीच्या, शाळेत शिक्षिका. नाव शहनाज. पिशवीत मागच्या वर्षीचा आपला अंक होता, माझ्या पानाशी दुमडलेला.

"आमच्या स्टाफरूममध्ये कुलकर्णी मॅडमनी वाचून दाखवला," त्या म्हणाल्या. "मराठी समझ लेती हूँ, किला गेटवर वाढलेय. सगळे हसले. मैं भी हँसी, फिर नाम सुना. बशीर माझे नाना, आईचे वडील."

मला उठून उभं राहावंसं वाटलं. मी बसूनच राहिलो.

"झगडायला नाही आले. अम्मीला एक बात पूछनी है. ती आता चल-फिर नहीं सकती, डोळेही गेलेत. तिला इतकंच विचारायचंय की अंगीठी किती लांब होती."

"कोण अम्मी?"

"जुबैदा. निखारे तिनं भरले होते ना. त्या दिवशी नानांना खांसी होती, म्हणून तिनं जरा जास्त भरले. तिला वाटतं, तिच्यामुळे गिटार फुटली आणि नानांची नोकरी गेली. नानांना पूछा तो हँस देते थे. आजही सर्दी में खोलीत अंगीठी ठेवू देत नाही ती. हीटर आणला, तर रडायला लागली. तुमचं छापलेलं ऐकलं आणि म्हणाली, देखो, लिखा भी है." त्यांनी अंक मेजावर ठेवला. "तिथे असलेले तुम्हीच एक उरलाय."

सुमन चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिलाही मी कधी सांगितलं नव्हतं. मागच्या वर्षी अंक आल्यावर ती एवढंच म्हणाली होती, "छान लिहिलंय. पण वाचून दाखवताना तुम्ही एकदाही हसला नाहीत."

"तीन हात लांब होती," मी म्हणालो. "निखाऱ्यांनी काही झालं नाही." आणि मग सगळं सांगितलं. फळी, गेरू, करंगळी, दोन वाक्यं. मध्येच मी म्हणालो, "घरी वडील बसून होते, हिला सातवा महिना होता..."

सुमननं ट्रे मेजावर ठेवला. "अहो," ती म्हणाली, "माझ्या पोटावर नका ढकलू."

ती गिटार काढायला मीच स्टुलावर चढत होतो. दोघींनी मला खाली बसवलं आणि शहनाजनं ती उतरवली. मी दाढीचा आरसा आणि टॉर्च दिली. आरसा कसा तिरका धरायचा ते सांगितलं. त्या बराच वेळ आत पाहत राहिल्या.

"तीन लकीरें हैं. वरून चमकतंय, काच लावल्यासारखं. पण दोन कटी हुई हैं."

"म्हणजे?"

"आडवं ओरबाडलंय. दोन रेघांवर. एक साबूत आहे."

मग मी पाहिलं. साठ वर्षं होत आली तेव्हा. दाखल्यावर चपड्याचा हात दिलेला होता. वाद्याच्या पोटात पॉलिश कोणी करत नाही, चाचांनीही कधी केलं नव्हतं. त्यांनी रेघांवर चपडा लावला होता, त्या पुसल्या जाऊ नयेत म्हणून, आणि तो ओला असतानाच माझ्या दोन रेघांवर नख ओढलं होतं. आपली एक तेवढी सोडली होती. गिटार तडकण्याआधी. साहेबांसमोर उभं राहण्याआधी. त्यांना सगळं ठाऊक होतं, तरी त्यांनी ती पूर्ण केली, कारण आणायला दुसरी फळी नव्हती आणि जागा दोघांच्या होत्या. तेवढी त्यांची चूक धरायची तर धरा. पण खरं काय ते त्यांनी लिहून ठेवलं होतं, जिथे लिहायचा रिवाज होता तिथेच. पुढे जो कारागीर दुरुस्तीला हात घालेल त्याच्यासाठी. तो कारागीर मीच निघालो, आणि माझ्या बोटाला ते लागलं होतं, आणि मी पटाशीवर ढकललं.

मी शहनाजना म्हणालो, "ही घेऊन जा. तुमची आहे."

"अम्मीला दाखवून आणते," त्या म्हणाल्या. "फाटकी चीज आम्ही काय करणार? पण तुम्ही हे छापा. जहाँ वो छापा था, वहीं."

चार दिवसांनी फोन आला. शहनाज म्हणाल्या, अम्मीनं भोकातून हात आत घातला आणि खूप वेळ चाचपत राहिली. मग म्हणाली, हाँ, नाखून अब्बा का है. "ती बोलायचं म्हणतेय तुमच्याशी."

फोनवर आधी नुसता श्वास ऐकू आला. मग आवाज. सोळा वर्षांच्या मुलीचा मला आठवत होता, हा दुसराच होता.

"गोविंदभैया? अंगारे ज्यादा थे?"

"नाही, जुबैदाबहन. कम थे. और तीन हाथ दूर थे."

"लकडी कच्ची थी?"

"कच्ची होती. मला माहीत होतं. रेघा मी ओढल्या."

मग ती म्हणाली, "फिर से बोलो."

मी पुन्हा बोललो. सगळं, पहिल्यापासून. ऐकून तिनं फोन शहनाजला दिला, मला काही म्हणाली नाही. गिटार अजून परत आलेली नाही आणि मी विचारणार नाही. कपाटावर तिच्या आकाराची धूळ नसलेली जागा आहे, सुमन ती पुसू देत नाही.

दोनदा तोंडानं सांगून झालं, म्हणून तिसऱ्यांदा इथे लिहितो. मागच्या वर्षी ज्यांनी ते पान वाचलं, त्यांनी हेही वाचावं. लाकूड एका पावसाळ्याचं होतं. दोन रेघा माझ्या होत्या. शेगडी तीन हात लांब होती, आणि तिच्यात निखारे कमी होते.